ऐकण्याची हजेरी

रोज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी आईच्या फोनवर शाळेचा निरोप येतो. "आपला पाल्य ईश्वरी टेके आज ३८ टक्के ऐकला." यंत्राला सगळी मुलं मुलगेच वाटतात, ते जाऊ दे. निरोपाखाली एक पिवळं तोंड असतं, ओठ खाली वाकवलेलं. ते तोंड बघून मला जो राग येतो, तो मोजायचं यंत्र मात्र अजून कुणी काढलेलं नाही.

मी ऐकते. हे सुरुवातीलाच ठणकावून लिहून ठेवते, कारण पुढं बरेच जण नाही म्हणणार आहेत.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हजेरी म्हणजे नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं आणि मग खिडकीबाहेर बघायचं. आमच्या संस्थेनं ते बंद केलं. आता वर्गात बसणं म्हणजे हजेरी नाही, ऐकणं म्हणजे हजेरी. नववीच्या वर्षात पंचाहत्तर टक्के ऐकणं भरलं नाही, तर शाळा दहावीला बसवत नाही. दाखला काढून घ्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायची. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, पेपरात फोटो येतो. आमच्या गल्लीत आजवर चार पोरींना सतरा नंबर भरायला लावलाय. एकही दहावीला बसली नाही. चौघी कांडी मशीनवर बसल्यात, सूत भरत.

मला सहामाहीत एक्याऐंशी टक्के आहेत. ते चालत नाहीत. ऐकणं अडतीस आहे ना.

हे मोजतात कसं, ते सांगते, कारण ते खरंच भारी आहे आणि मी काही विज्ञानाची वैरी नाही. कुणी बोलतं तेव्हा आवाज सारखा चढत-उतरत असतो. लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या मेंदूतली बारीक वीज त्या आवाजाच्या मागोमाग चढते-उतरते, किंचित उशिरानं, पुढच्या माणसाच्या पावलावर पाऊल टाकत चालावं तशी. सरांच्या गळ्यात माइक असतो. आमच्या डोक्याला इलॅस्टिकची पट्टी असते आणि तिच्यात रुपयाएवढ्या दोन चकत्या, एकेका कानामागं एकेक. माइकची रेघ आणि मेंदूची रेघ एकमेकींवर ठेवायची आणि किती जुळतात ते बघायचं. वर्गात दोघं एकदम बोलत असली, तर मेंदू कुणाच्या मागं चाललाय हेसुद्धा त्यातून कळतं. पट्टीचं खरं नाव श्रवणमापक. आम्ही तिला कानपट्टी म्हणतो, कारण ती कानामागं बसते आणि संध्याकाळी घरी वाजते.

आता आमचं घर. इचलकरंजीत सगळीकडं नवे माग आलेत, स्वतःची चूक स्वतः सांगणारे. शेटेमालकांच्या शेडमध्ये मात्र धोट्याचे चोवीस जुने माग अजून चालतात, आणि ते चालतात माझ्या बाबांमुळं. बाबा जॉबर आहेत, म्हणजे मागांचे डॉक्टर. शेडची आणि आमची भिंत एकच. मी पाळण्यात होते तेव्हापासून चोवीस धोटे माझ्या उशाशी खटाखट धावतायत.

चोवीस माग चालू असताना तुम्ही माझ्या कानाशी येऊन बोंबललात तरी उपयोग नाही. म्हणून तिथं कुणी बोंबलत नाही. समोर यायचं, तोंड वर करायचं, ओठ नीट हलवायचे आणि उरलेलं हातानं सांगायचं. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीवर बोट फिरवलं की मालक आले. दोन्ही चिमट्या जुळवून फटकन वेगळ्या केल्या की धागा तुटला. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडणं होतात, लग्नं ठरतात, आवाज न करता. आम्ही पोरंसुद्धा असंच बोलायला शिकलो. माझ्याशी कुणी बोलायला लागलं की माझे डोळे आपोआप त्याच्या ओठांवर जातात. मला वाटायचं, सगळ्यांचेच जातात.

आई कांडी मशीनवर असते. ती बाबांना नावानं हाक मारत नाही, "अहो, ऐकलंत का" म्हणते. बाबांनी ते गेल्या नऊ वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. म्हणून ती आधी एक रिकामी कांडी फेकून मारते, आणि ते वळले की मग म्हणते, "अहो, ऐकलंत का."

आमच्या घरात हा एक शब्द दिवसातून शंभरदा येतो. "मोठ्यांचं ऐकावं" असं आई म्हणते तेव्हा तिचा आवाजाशी काही संबंध नसतो. मावशी फोनवर विचारते, "काय ऐकालोय मी ते खरं का ग?" तेव्हा तिनं काहीच ऐकलेलं नसतं, तिला कुणीतरी हातांनी सांगितलेलं असतं. आई मालकिणीचं ऐकून घेते आणि घरी येऊन बाबांना ऐकवते. बाबा म्हणतात, "सात नंबरचा माग कुणाचं ऐकत न्हाई, माझं ऐकतो." एवढ्या सगळ्या ऐकण्यांतलं एकच त्या पट्टीला कळतं, कानामागच्या विजेचं. ठीक आहे, नसेल कळत बाकीचं. मग तिनं म्हणावं, मला एवढंच कळलं. पण ती म्हणते, ईश्वरी टेके ३८ टक्के ऐकला.

आमचे चौगुले सर विज्ञान शिकवतात. शिकवतात छान, पण अर्धा तास फळ्याकडं तोंड करून. पाठीला ओठ नसतात. मग मी फळ्यावरचं वाचते, पुस्तकातलं जुळवते, आणि मधले शब्द गळतात ते सर वळले की गोळा करते. अल्फिया मोमीन माझ्याच बाकावर बसते, तिच्या घरी सोळा माग आहेत. तिचं ऐकणं एक्केचाळीस. ती म्हणते, "तू तीन टक्क्यांनी ढ आहेस माझ्यापेक्षा, लक्षात ठेव." पहिल्या बाकावरच्या एकीचं रोज सत्त्याण्णव येतं. एकदा सरांनी तिला विचारलं, आत्ता मी काय म्हणालो? ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणालात की आत्ता मी काय म्हणालो." सर हसले. तिला हसून सोडतात. अडतीसवाल्यांना सोडत नाहीत.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सूचनाफलकावर यादी लागली. दाखला काढणारे विद्यार्थी, बारा. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं, पालकांची संमती आहे. बाराच्या बारा नावांपुढं तेच. मी नावांवरून बोट फिरवत गेले. अकरा घरं मागांच्या गल्ल्यांतली. बारावा बँडवाल्यांचा. त्याच्या वडिलांचा ढोल असतो.

"माझ्या अब्बांनी सही केली?" अल्फिया म्हणाली. "ते तर म्हणाले, हेडमॅडमनी चहा पाजला."

मी घरी पळत गेले. दुपारची पाळी बदलत होती. बाबा दारात हात धूत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. आमच्याकडं पोरीसुद्धा "मी आलो, मी गेलो"च म्हणतात, शाळेत गेल्यावर तेवढं बदलतो.

"तुम्ही सही केलीसा?"

"व्हय." बाबांनी हात पुसले. "हेडबाई लई चांगल्या बोलल्या."

"काय बोलल्या?"

"तुझ्या भल्याचं."

"शब्द सांगा, बाबा."

"शब्द काय पाठ करत बसू काय मी? तू ऐकत न्हाईस म्हणून मशीन सांगालंय. मशीन कशाला खोटं बोलंल? माणूस बोलतंय खोटं. तीस वर्सं मशीन बघालोय मी."

"म्हणजे मी खोटं बोलालोय."

"तसं कुठं म्हटलं."

तेवढ्यात आतून कांडी आली आणि बाबांच्या खांद्याला लागली. ते वळले. "अहो, ऐकलंत का," आई म्हणाली. "सतरा नंबरचं काय सांगितलं बाईंनी?"

"सतरा नंबर?" बाबा जरा विचारात पडले. "त्याला काय झालंय? सतरा नंबर माग तर झकास चाललाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघितलं. बाबांनी आमच्या दोघींकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला पुढं विचारावंच लागलं नाही. त्यांनी दोन्ही हात छातीपाशी आणले, चिमट्या जुळवल्या आणि फटकन वेगळ्या केल्या.

धागा तुटला.

"पंखा हुता डोक्यावर," ते म्हणाले. "बाई खाली बघून वाचत हुत्या. दोनदा विचारलं मी, काय म्हणालासा. तिसऱ्यांदा कसं विचारायचं? शेटेमालक बी बसलेले." शेटेमालक म्हणजे शेडचे मालकही तेच आणि आमच्या संस्थेचे सचिवही तेच.

"म्हणून व्हय म्हणालासा?"

"आपल्यातली समदीच म्हणत्यात, बाळ. काय म्हणायचं मग?"

खरं आहे. आमच्या गल्लीतला कुठलाही माणूस दवाखान्यात, बँकेत, शाळेत खुर्चीवर बसला की मान हलवायला लागतो. ऐकू आलं नाही म्हणायची लाज वाटते. त्यातून बाबा जॉबर. बहिऱ्या जॉबरला कोण ठेवेल? म्हणून नऊ वर्षं त्यांनी हे शेडच्या गोंगाटात लपवलं होतं. तिथं सगळेच बहिरे, कुणाला कळणार? हे मला तेव्हाही समजत होतं. पण माझी दहावी त्या एका व्हयवर गेली होती. मला त्यांची कीव करायची नव्हती, मला भांडायचं होतं.

मग मी एक गोष्ट केली, ती सांगायला मला आवडत नाही. मी बाबांशी बोलताना तोंड खाली करायला लागले. जेवताना ताटाकडं बघून बोलायचं, दप्तराकडं बघून बोलायचं. "अल्फियाकडं चाललोय." "व्हय." "तुम्हाला काय कळालं काय मी काय म्हणालो ते?" "व्हय, व्हय." आठ दिवस मी असं केलं. दर व्हयला मला वाटायचं, बरं झालं. नवव्या दिवशी आईनं मला कांडी मारली. पाठीत, जोरात. मी वळले तर ती आवाज न करता, फक्त ओठांनी म्हणाली, "तू बी बाईंसारखीच व्हायलीस."



दुसऱ्या दिवशी सकाळी डबा द्यायला शेडमध्ये गेले. सात नंबरचा माग अडला होता. मागवाला मागाच्या पुढच्या लोखंडी पट्टीला हात लावून बघत होता, हातोडीनं ठोकत होता. बाबांनी त्याला बाजूला केलं. ते मागाच्या पाठीमागं गेले, वाकले आणि तिथल्या लोखंडावर तळहात ठेवून डोळे मिटून थांबले. मग बोट दाखवलं. बेअरिंग गेलं होतं.

मी समोर गेले. तोंड वर केलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच. "कसं कळालं मागं हाय म्हणून?"

बाबांनी आधी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, अर्धं ओठांनी, अर्धं हातांनी, "सोपं असतंय तिथं हात लावायचा न्हाई. पुढची पट्टी हाताशी असती, म्हणून समदी तिथंच चाचपत्यात आणि म्हणत्यात, काय कळत न्हाई. आवाज जिथं असतोय तिथं आपण जायचं."

मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. आवाज जिथं असतो तिथं जायचं. मग माझं ऐकणं कुठं असतं?

डोळे पुढं असले तरी बघण्याचं काम मेंदूच्या पाठीमागच्या भागात चालतं, हे मला माहीत होतं. आणि मी ऐकते ते निम्म्याहून जास्त डोळ्यांनी. ओठसुद्धा आवाजाच्याच तालात उघडतात, मिटतात. मग सरांच्या आवाजामागं चालणारी माझी वीज कानामागं कशाला असेल? ती असणार वेणी बांधते तिथं. त्या जागेला पट्टीनं आजवर हातच लावला नव्हता.

सोमवारी विज्ञानाच्या तासाआधी मी पट्टी फिरवली. दोन्ही चकत्या मागं, वेणीच्या मुळाशी, केसांत भांग पाडून कातडीला टेकवल्या. अल्फियानं वरून रिबन आवळली. सर आज समोर बघून बोलत होते, प्रश्नोत्तरांचा तास होता. तास संपल्यावर त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर आकडे आले. सरांनी चष्मा वर केला.

"टेके. शहाऐंशी? आज काय खाऊन आलीस?"

"आंबोळी, सर."

"रोज खात जा."

मंगळवारी सर फळ्याकडं वळले आणि पाठमोरे बोलत राहिले. आकडा एकोणीस. बुधवारी मी मुद्दाम विचारलं, "सर, तुम्ही आमच्याकडं बघून सांगाल का?" सर म्हणाले, "का, मी काय हिरो आहे?" पण वळले. ब्याऐंशी. अल्फियानंही चकत्या मागं घेतल्या, एकोणऐंशी. आम्ही वहीत रकाने पाडले. सर कुणीकडं तोंड करून होते, चकत्या कुठं होत्या, आकडा किती. आठ दिवस, सगळ्या विषयांचे मिळून एकोणचाळीस तास. एक तासही त्या रकान्यांच्या विरुद्ध गेला नाही. वही पूर्ण झाली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं की पोरींना दोन रुपयांच्या रिबनीत जे सापडलं, ते यांना दोन वर्षांत शोधावंसं वाटलं नाही.

यादी लागल्यापासून महिन्याच्या आत पालक सुनावणी मागू शकतात, असं नियमात आहे. आईनं अर्ज केला. अर्ज मी लिहिला, सही तिनं अशी दाबून केली की कागदाला भोक पडलं. मोमीनांनी केला. मग बाकीच्यांकडं अल्फिया आणि मी गेलो, दारात उभं राहून, तोंड वर करून एकेकाला सांगितलं. बाराजणांची सुनावणी एकाच दिवशी ठेवली, पहिला नंबर माझा.

बाबा धुतलेला सदरा घालून आले. खोलीत तिघं होते. मधे मगदूम बाई, आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या उजवीकडं शेटेमालक, मिशीसकट. डावीकडं पट्टी बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर, ऋग्वेद नावाचा, आमच्या चौगुले सरांच्या निम्म्या वयाचा. डोक्यावर तोच पंखा.

मी वही उघडली आणि सगळं सांगितलं.  इंजिनियर पुढं सरकला. त्यानं पट्टी मागितली, मला कानामागं लावून एक उतारा वाचला, मग चकत्या वेणीपाशी लावून वाचला. मग म्हणाला, "थांब," आणि तोंडासमोर फाइल धरून वाचला. तिन्ही आकडे त्यानं स्वतःच्या हातानं लिहून घेतले. त्याचे कान लाल झाले होते.

"ही बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "ओठ बघून ऐकणाऱ्यांचं मागं दिसतं, हे माहीत आहे तसं. पण आम्ही पट्टी तपासली ती शांत घरांतल्या मुलांवर. आणि मागं केस येतात, चकती नीट बसत नाही. कानामागं सोपं जातं."

"सोपं जातं," मी म्हणाले.

"हो."

"सोपं जातं म्हणून बारा जणांचे दाखले."

त्यानं आकड्यांचा कागद बाईंपुढं सरकवला. निदान तेवढं तरी केलं.

शेटेमालकांनी मात्र खुर्चीत मागं रेलून फोन बघत बोलायला सुरुवात केली. "पोरगी हुशार हाय. ऐकून घेतलं आम्ही तिचं सगळं. यंत्राचं काय ते कंपनी बघंल पुढच्या वर्षी. पण ह्या वर्षीचा निर्णय झालाय, आणि बापानं राजीखुशीनं सही दिलीय. बळजबरी न्हाई केली कुणी. व्हय का न्हाई रे मारुती?"

बाबांनी त्यांच्याकडं बघितलं. मालकांच्या ओठांवर मिशी होती आणि मिशी फोनकडं होती. बाबांनी माझ्याकडं बघितलं.

मी त्यांना हातांनी सांगितलं. सही राजीखुशीनं केली का, असं विचारतायत. तेवढंच सांगितलं. मग हात खाली घेतले. काय म्हणायचं, ते सांगितलं नाही. व्हय म्हणाले तर माझी शाळा जाणार होती. न्हाई म्हणाले तर का न्हाई ते सांगावं लागणार होतं, शेडच्या मालकासमोर.

बाबांची मान हलायला लागली होती, सवयीनं. अर्ध्यात थांबली. ते उठून उभे राहिले.

"मालक," ते म्हणाले, "तोंड वर करून बोला. मला ऐकू येत न्हाई."

 शेटेमालकांनी फोन बाजूला ठेवून तोंड वर केलं.

"म्हंजे?"

"नऊ वर्सं झाली. कायबी येत न्हाई."

"आणि माझे चोवीस माग कशावर बघतोस रे तू?"

बाबांनी टेबलावर तळहात ठेवला. "ह्यावर. मालक, तुमचा दुसरा फोन टेबलाच्या खणात थरथरालाय. मघाधरनं तिसऱ्यांदा."

इंजिनियरनं खण उघडला. फोन थरथरत होता. मालकांनी तो उचलला नाही. बाबा आता बाईंकडं वळले होते.

"बाई, त्या दिवशी तुम्ही काय वाचलासा ते मला ठाऊक न्हाई. मी व्हय म्हणालो ते खोटं. आता परत सांगा. माझ्याकडं बघून."

मगदूम बाईंनी कागद हातात घेतला. "श्री. टेके, आपल्या पाल्याची ऐकण्याची सरासरी..." त्यांची हनुवटी खाली गेली.

"बाई, वर."

त्यांनी मान वर केली, दोन शब्द म्हटले आणि डोळे पुन्हा कागदावर गेले. बाबांनी हात थोडा उचलला, माग थांबवताना उचलतात तसा. तिसऱ्या वेळी बाईंनी कागद ठेवून दिला आणि सरळ बाबांकडं बघितलं. बाबा त्यांच्या ओठांकडं बघत होते, टक लावून, एकही धागा सुटू नये म्हणून बघतात तसे.

"तुमच्या मुलीला," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला आम्ही..."

पुढं ओठ हलले नाहीत. बाबा थांबून राहिले. ते उलट काही बोलले असते, रागावले असते, तर बाईंना सोपं गेलं असतं. ते फक्त ऐकत होते. खाली बघून बारा बापांना वाचून दाखवलेलं वाक्य त्यांना वर बघून एकालाही सांगता येईना.

शेटेमालक म्हणाले, "बाई, नियम..." आणि बाई त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या, "साहेब, एक मिनिट." मग त्यांनी फाइलमधून बाबांच्या सहीचा कागद काढला आणि टेबलावरून पुढं सरकवला. बाबांनी तो उचलला, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवला. दारापर्यंत आल्यावर मागून मालकांचा आवाज आला, "मारुती, उद्या शेडवर आलास की आधी मला भेट." बाबांना तो अर्थातच ऐकू आला नाही. मला आला. मी त्यांना सांगितला नाही. उद्याचं उद्या बघू, सात नंबरचा माग तरी दुसऱ्या कुणाचं ऐकतोय का तेही मालकांना कळेल.

इथं मी खूश झाले असं लिहायला हवं. नाही झाले. बाहेर व्हरांड्यात बाकावर अकरा जण बसले होते. अल्फियाचे अब्बा, ढोलवाले, बाकीचे. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या, आत्तापासूनच हलायला तयार. बाई एका बापाकडं बघू शकल्या नाहीत म्हणून माझा कागद सुटला. हे अकरा पुन्हा व्हय म्हणाले असते तर? मला परत आत जाऊन त्या टेबलावर वही आपटावीशी वाटली.

बाबा व्हरांड्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांनी पाय फरशीवर दोनदा आपटला. अकरा माना वर झाल्या. मग बाबा बोलायला लागले, आवाज अजिबात न करता, ओठ मोठे करून आणि हातांनी. इथं माग नव्हते, काही नव्हतं, तरी कुणी आवाज केला नाही. आत गेल्यावर व्हय म्हणू नका. ऐकू आलं न्हाई म्हणा. लाज आपली न्हाई. त्यांना म्हणावं, वर बघा. ढोलवाल्यांना सगळं कळलं नाही, अल्फियानं त्यांना समोर जाऊन सांगितलं.

दार उघडलं. शिपाई मामांनी मान बाहेर काढून हाक मारली, "मोमीन."

अल्फियाचे अब्बा बाबांकडं बघत बसले होते, ताठ.

"मोमीन," मामा ओरडले.

कुणी हललं नाही. मी हलले नाही, अल्फिया हलली नाही. मामा थोडा वेळ दारात उभे राहिले. मग त्यांना चौकट सोडून व्हरांडा ओलांडून यावं लागलं, अब्बांच्या अगदी समोर उभं राहावं लागलं, आणि थोडं वाकून, तोंडाकडं बघून, तेच नाव पुन्हा नीट म्हणावं लागलं.